सर्वांत लोकप्रिय चित्रपट कोणता?

'अमुक चित्रपटाने आजवरचे सर्व विक्रम मोडले!' अशी बातमी वर्तमानपत्रात दर दोन-चार महिन्यांनी हटकून येते. खाली आकडे असतात, आकड्यांवर भली मोठी शून्ये असतात आणि ती वाचून आपण मान डोलावतो. विद्यार्थी मित्रांनो, आज आपण या शून्यांकडे जरा चिकित्सेने पाहणार आहोत. चित्रपट चांगला की वाईट, हा आपला प्रश्न नाही. आपला प्रश्न मोजमापाचा आहे. निरनिराळ्या काळांतील चित्रपटांची लोकप्रियता मोजायची तर पट्टी कोणती वापरावी?

एक उदाहरण घेऊ. १९४३ साली 'किस्मत' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याने सुमारे एक कोटी रुपयांचा गल्ला जमवला असे सांगितले जाते आणि तो त्या काळचा उच्चांक होता. २०१७ साली 'बाहुबली'चा दुसरा भाग आला. त्याचा जगभरातील गल्ला एक हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. भारतीय चित्रपटाने हा टप्पा प्रथमच ओलांडला होता. एकास एक हजार! मग 'बाहुबली' हा 'किस्मत'च्या हजारपट लोकप्रिय होता का?

तुम्ही लगेच म्हणाल, "छे! तेव्हाचा रुपया आणि आताचा रुपया सारखा का आहे?" बरोबर. पण 'सारखा नाही' एवढे म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे समाधान होत नाही. सारखा नाही तर किती वेगळा आहे, आणि तो फरक हिशेबात कसा धरायचा, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

रबराची पट्टी

एका मुलाने आपली उंची पाचवीत एका पट्टीने मोजली आणि दहावीत दुसऱ्या पट्टीने. दुसऱ्या पट्टीवरचे सेंटिमीटर आखूड होते. त्यामुळे त्याची उंची एकदम दुप्पट भरली. त्याने आनंद मानावा का? पैशाची पट्टी अशीच आहे. ती रबराची असते आणि दरवर्षी तिच्यावरच्या खुणा सरकतात. यालाच आपण महागाई म्हणतो.

ही सरक मोजण्यासाठी सरकार किंमत निर्देशांक काढते. सामान्य कुटुंबाला लागणाऱ्या धान्य, कापड, घरभाडे, प्रवास अशा वस्तू व सेवांची एक ठरावीक यादी करतात. त्या यादीला एका वर्षी किती पैसे पडले आणि दुसऱ्या वर्षी किती पडले, यांचे गुणोत्तर म्हणजे निर्देशांकातील बदल. अमेरिकेत जी खरेदी १९३९ साली १ डॉलरमध्ये होत होती, तिला २०१९ साली सुमारे १८ डॉलर लागत होते. म्हणून १९३९ सालच्या डॉलरला १८ ने गुणले की तो २०१९ च्या डॉलरशी तुलना करण्याजोगा होतो.

आता हे ज्ञान वापरू. 'गॉन विथ द विंड' हा अमेरिकन चित्रपट डिसेंबर १९३९ मध्ये प्रदर्शित झाला. जगभरातून त्याने सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले. २०१९ सालच्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'ने सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले. नुसते आकडे पाहिले तर दुसरा पहिल्याच्या सातपट. पण ४० कोटींना १८ ने गुणा : ७२० कोटी! आता तर जुना चित्रपटच अडीचपट पुढे गेला.

पण थांबा. या गुणाकारात एक चूक दडलेली आहे. ती तुम्हाला दिसते का?

'गॉन विथ द विंड'ने ते ४० कोटी डॉलर एका वर्षात मिळवलेले नाहीत. हा चित्रपट १९४७, १९५४, १९६१, १९६७ अशा निरनिराळ्या वर्षी पुन्हा पुन्हा चित्रपटगृहांत लागला. १९६७ सालच्या १ डॉलरची किंमत २०१९ च्या साडेसात डॉलरांइतकी होती, अठरा डॉलरांइतकी नव्हे. म्हणजे प्रत्येक वर्षाच्या उत्पन्नाला त्या त्या वर्षाच्या गुणकाने गुणले पाहिजे आणि मग बेरीज केली पाहिजे. गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकाने असा हिशेब करून २०१४ च्या किमतीप्रमाणे या चित्रपटाचे उत्पन्न सुमारे ३४० कोटी डॉलर धरले आहे. सरसकट गुणाकाराने आलेल्या आकड्याच्या जवळजवळ निम्मे! जुना चित्रपट तरीही पुढेच राहतो, पण अडीचपट नाही. हिशेबाची रीत चुकली की सत्य बाजू मांडणारासुद्धा खोटे बोलून जातो.

तिकिटे मोजू या

महागाईचा निर्देशांक सर्व वस्तूंच्या सरासरीवर आधारलेला असतो. पण चित्रपटाचे तिकीट सरासरीप्रमाणेच महाग झाले असेल कशावरून? अमेरिकेत १९३९ साली तिकिटाचा सरासरी दर सुमारे २३ सेंट, म्हणजे पाव डॉलरहूनही कमी होता. २०१९ साली तो ९ डॉलर १६ सेंट होता. ही वाढ सुमारे चाळीसपट झाली. इतर वस्तू अठरापट महाग झाल्या आणि तिकीट चाळीसपट! तेव्हा लोकप्रियता मोजायची असेल तर पैसा बाजूला ठेवावा आणि सरळ तिकिटांची संख्या काढावी. त्याची रीत सोपी आहे :

तिकिटांची संख्या = एकूण गल्ला ÷ तिकिटाचा सरासरी दर

एक जोडी घेऊन पाहू. १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला. अमेरिका आणि कॅनडा मिळून त्याने पहिल्या काही वर्षांत सुमारे ३०.७ कोटी डॉलर मिळवले. त्या वर्षांचा सरासरी दर २ डॉलर ३० सेंट धरला तर सुमारे १३.३ कोटी तिकिटे होतात. २०१५ साली याच मालिकेतील 'द फोर्स अवेकन्स' आला. त्याने त्याच प्रदेशात सुमारे ९३.७ कोटी डॉलर मिळवले. सरासरी दर साडेआठ डॉलर धरला तर तिकिटे होतात सुमारे ११ कोटी. उत्पन्न तिप्पट, पण तिकिटे मात्र कमीच!

ही संख्या अंदाजी आहे, हे विसरू नका. सरासरी दर हा देशातल्या सर्व चित्रपटांचा असतो. एखाद्या चित्रपटाला मुलेच जास्त आली तर अर्ध्या तिकिटांमुळे त्याचा स्वतःचा दर सरासरीपेक्षा कमी पडतो आणि आपण काढलेली संख्या खऱ्यापेक्षा कमी येते. उलट २००९ सालचा 'अवतार' बहुतांश लोकांनी त्रिमिती चष्मे लावून जादा दराने पाहिला. तेथे सरासरी दराने भागले तर संख्या खऱ्यापेक्षा जास्त येते.

म्हणून तिकिटे प्रत्यक्ष मोजलेली असतील तर उत्तम. फ्रान्स देशात असेच करतात. तेथे चित्रपटांसाठी १९४६ साली एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. विकलेल्या तिकिटांचा हिशेब चित्रपटगृहांना त्या केंद्राला द्यावा लागतो. त्यामुळे तेथे चित्रपटाचे यश पैशात सांगण्याऐवजी 'इतके लाख प्रेक्षक' असे सांगण्याची पद्धत पडली आहे. ब्रिटनमध्येही ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००४ साली प्रेक्षकसंख्येवरून एक यादी तयार केली. तिच्यात पहिला क्रमांक 'गॉन विथ द विंड'चा (साडेतीन कोटी तिकिटे) आणि दुसरा 'द साउंड ऑफ म्युझिक'चा (तीन कोटी) लागला.

शंभरांत किती?

तिकिटे मोजली म्हणजे काम संपले का? नाही. लोकसंख्याही वाढत असते. ज्या गावात पाचशे माणसे आहेत तेथे दोनशे जण कीर्तनाला आले तर गाव लोटले म्हणतात. पाच लाखांच्या शहरात दोनशे जण आले तर सभागृह रिकामे दिसते.

फ्रान्सचेच उदाहरण घ्या. 'ला ग्रांद वाद्रुई' हा विनोदी चित्रपट १९६६ साली आला. त्याला सुमारे १ कोटी ७३ लाख प्रेक्षक लाभले. त्याचा उच्चांक तीस वर्षांहून अधिक काळ टिकला आणि १९९८ साली 'टायटॅनिक'ने तो मोडला. फ्रेंच चित्रपटांपुरता तो २००८ पर्यंत अबाधित होता. त्या वर्षी 'ब्यांवन्यू शे ले श्ती' या चित्रपटाने २ कोटी ५ लाख प्रेक्षक मिळवून तो मागे टाकला. बातमी खरी, विक्रमही खरा. पण १९६६ साली फ्रान्सची लोकसंख्या सुमारे ४.९ कोटी होती, २००८ साली ती सुमारे ६.२ कोटी होती. भागाकार करून पाहा :

१९६६ : १.७३ ÷ ४.९ = ०.३५, म्हणजे दर शंभर माणसांमागे ३५ तिकिटे.
२००८ : २.०५ ÷ ६.२ = ०.३३, म्हणजे दर शंभर माणसांमागे ३३ तिकिटे.

दरडोई हिशेबात जुना चित्रपट अजून थोडा पुढेच आहे! 'स्टार वॉर्स'च्या जोडीलाही हीच कसोटी लावा. अमेरिका व कॅनडा यांची एकत्र लोकसंख्या १९७७ साली सुमारे २४.४ कोटी आणि २०१५ साली सुमारे ३५.६ कोटी होती. दर शंभर माणसांमागे पहिल्याची तिकिटे येतात सुमारे ५५ आणि दुसऱ्याची ३१.

आता आपल्या 'किस्मत' आणि 'बाहुबली'कडे वळू. भारतात सर्व देशाची तिकिटे मोजणारी अधिकृत नोंद नाही, म्हणून येथे केवळ रीत समजण्यासाठी दर धरू, ते खरे दर समजू नका. समजा, 'किस्मत'चे तिकीट सरासरी आठ आणे, म्हणजे अर्धा रुपया होते. मग एक कोटी रुपयांत दोन कोटी तिकिटे झाली. समजा, 'बाहुबली'चे तिकीट सरासरी शंभर रुपये होते. मग हजार कोटींत दहा कोटी तिकिटे झाली. हजारपटीचे अंतर पाचपटीवर आले! आता लोकसंख्या पाहा. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे अखंड भारताची लोकसंख्या सुमारे ३९ कोटी होती. २०१७ साली भारताची लोकसंख्या सुमारे १३४ कोटी होती. शंभर माणसांमागे पहिल्याची तिकिटे पाच, दुसऱ्याची साडेसात. हजारपट म्हणता म्हणता फरक दीडपटीवर आला. आपण धरलेले दर थोडे बदलले तर निकालही उलटेल. ते बदलून पाहा.

आठवड्यांची पट्टी

तुमच्या आजी-आजोबांना विचारा. ते चित्रपटाचे यश कोटींत सांगणार नाहीत, आठवड्यांत सांगतील. पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव, पन्नास आठवडे चालला की सुवर्णमहोत्सव. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) मुंबईच्या एकाच चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला. 'किस्मत' कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हामध्ये पाच वर्षे टिकला. दादा कोंडके यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्याची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली.

आठवड्यांच्या पट्टीला महागाई बाधत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिच्यातही एक खोट आहे. समजा, एका चित्रपटगृहात हजार खुर्च्या आहेत. रोज तीन खेळ भरगच्च झाले तर आठवड्याला २१,००० प्रेक्षक होतात. दुसरा चित्रपट त्याच ठिकाणी रोज फक्त दुपारच्या एका खेळाला लागतो आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्याचे आठवड्याचे प्रेक्षक ३,५०० झाले. दोघांचाही आठवडा मात्र एकच मोजला जातो! 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या १९९५ सालच्या चित्रपटाने मुंबईच्या मराठा मंदिरात २०१४ साली एक हजार आठवडे पूर्ण केले. हा विक्रम असामान्य आहे, पण त्यातील कितीतरी वर्षे तेथे त्याचा रोज एकच खेळ होत असे. तेव्हा त्याचे हजार आठवडे आणि तीन-तीन खेळांचे पन्नास आठवडे यांची थेट तुलना करता येत नाही.

शिवाय काळाबरोबर चित्रपट दाखवण्याची पद्धतच पालटली. पूर्वी चित्रपटाच्या प्रती थोड्या निघत. रिळांच्या पेट्या आधी मोठ्या शहरांत जात, मग जिल्ह्याच्या गावी, आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत. चित्रपट पाझरत पाझरत देशभर पोहोचे. आज तोच चित्रपट पहिल्या शुक्रवारी हजारो पडद्यांवर एकदम झळकतो आणि बहुधा चार-सहा आठवड्यांत उतरतो.

कागद घेऊन याचा आलेख काढा. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर प्रेक्षक. आजच्या चित्रपटाचा आलेख उंच आणि निमुळता येईल, जुन्याचा बुटका आणि लांबलचक. 'पहिल्या तीन दिवसांतील विक्रम' म्हणजे फक्त आलेखाची उंची. 'इतके आठवडे' म्हणजे फक्त त्याची लांबी. एकूण प्रेक्षकसंख्या मात्र आलेखाखालच्या क्षेत्रफळात असते. क्षेत्रफळ काढायला उंचीही लागते आणि लांबीही लागते, हे तुम्ही भूमितीत शिकलाच आहात.

गल्ला कोणाचा?

पैशाचे आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. तिकीटबारीवर जमा होणारी सर्व रक्कम म्हणजे एकूण गल्ला. त्यातून कर वजा केला की निव्वळ गल्ला. त्यातून चित्रपटगृहाच्या मालकाचा भाग वजा केला की वितरकाचा वाटा. अमेरिकेतील जुन्या याद्यांत बहुधा वितरकाचा वाटा दिलेला असे, आजच्या याद्यांत एकूण गल्ला असतो. एकाची निव्वळ रक्कम आणि दुसऱ्याची एकूण रक्कम शेजारी मांडणे म्हणजे सोललेल्या शेंगांचे वजन टरफलासकटच्या शेंगांशी ताडून पाहणे होय. आपल्याकडे तर करमणूक कर प्रत्येक राज्यात निराळा असे, आणि एखाद्या चित्रपटाला करमाफी मिळाली की तिकीट स्वस्त होई. काळ्या बाजारात दहापट दराने विकलेल्या तिकिटांचा जादा पैसा कोणत्याच वहीत येत नसे.

तिकीट म्हणजे माणूस नव्हे

आता शेवटची अडचण. एकाच माणसाने एखादा चित्रपट दहा वेळा पाहिला तर तिकिटे दहा, माणूस मात्र एकच. अमेरिका व कॅनडात 'गॉन विथ द विंड'ची आजवर सुमारे २० कोटी तिकिटे खपली असा अंदाज आहे. १९४० साली अमेरिकेची लोकसंख्या १३ कोटींच्या आसपास होती! अर्थात ही तिकिटे अनेक दशकांची, अनेक पिढ्यांची आहेत आणि पुनःपुन्हा पाहणारेही त्यांत आहेत. किती वेगवेगळ्या माणसांनी चित्रपट पाहिला हे जाणायचे तर तिकिटे पुरत नाहीत. त्यासाठी नमुना पाहणी करून लोकांना विचारावे लागते.

उलट बाजूही आहे. १९३९ सालीच आलेला 'द विझर्ड ऑफ ओझ' पहिल्या फेरीत आपला खर्चही भरून काढू शकला नाही. पण १९५६ साली तो अमेरिकेत दूरदर्शन संचांवर दाखवला गेला, पुढे दरवर्षी दाखवला जाऊ लागला आणि घराघरांत पोहोचला. तिकीटबारीच्या कोणत्याही यादीत ही लोकप्रियता सापडणार नाही.

आणि स्पर्धेचे काय? १९४६ च्या सुमारास अमेरिकेत दर आठवड्याला आठ-नऊ कोटी तिकिटे विकली जात. घरी दूरदर्शन नव्हते, करमणूक म्हणजे सिनेमाच. २०१९ साली अमेरिका व कॅनडा मिळून आठवड्याला अडीच कोटीसुद्धा विकली गेली नाहीत. तेव्हा जुन्या चित्रपटाला आयते प्रेक्षक होते असे म्हणता येईल. पण त्याच्या शेजारच्या चित्रपटगृहात आणखी दहा चित्रपट लागलेले असत, असेही म्हणता येईल. म्हणून काही अभ्यासक त्या वर्षी विकल्या गेलेल्या एकूण तिकिटांपैकी या चित्रपटाचा वाटा किती, असेही विचारतात.

मग उत्तर काय?

'सर्वांत लोकप्रिय चित्रपट कोणता' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण तो एक प्रश्नच नाही. त्यात अनेक प्रश्न दडलेले आहेत. सर्वांत जास्त पैसे कोणी मिळवले? सर्वांत जास्त तिकिटे कोणाची खपली? आपल्या काळातील किती हिश्श्याच्या लोकांना त्याने खेचले? तो किती काळ टिकला? यांतील प्रत्येक प्रश्नाची पट्टी निराळी आहे आणि प्रत्येक पट्टीवर पहिला नंबर निराळा येऊ शकतो. पण म्हणून 'आकडे काही सांगतच नाहीत' असे मात्र म्हणू नये. आधी प्रश्न नेमका करा, मग पट्टी निवडा, मग मोजा. वैज्ञानिक मोजमापाचा हाच क्रम आहे.

हे सारे केवळ चित्रपटांपुरते नाही. 'यंदाचा अर्थसंकल्प आजवरचा सर्वांत मोठा', 'धान्याचे विक्रमी उत्पादन', 'पगारात दुप्पट वाढ' अशा बातम्या तुम्ही आयुष्यभर वाचणार आहात. महागाई वाढत असेल तर जवळजवळ प्रत्येक अर्थसंकल्प आधीच्यापेक्षा मोठा असणारच. धान्य वाढले, पण खाणारी तोंडे त्याहून अधिक वाढली तर ताटातली भाकरी लहानच होते. पगार दुप्पट झाला आणि किमती तिप्पट झाल्या तर घर गरीबच झाले. ज्याला हे भागाकार करता येतात त्याला मोठ्या शून्यांनी फसवणे अवघड असते.

करून पाहा

घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा : त्यांच्या शाळेच्या दिवसांत सिनेमाचे तिकीट कितीला होते? त्याच वर्षी कपभर चहा, एसटीचे जवळच्या गावचे तिकीट आणि किलोभर ज्वारी कितीला मिळे? आजचे दर त्यांशेजारी लिहा आणि प्रत्येक वस्तू किती पटीने महाग झाली ते काढा. सिनेमाचे तिकीट चहापेक्षा जास्त महाग झाले की कमी? एका दिवसाच्या मजुरीत तेव्हा किती तिकिटे येत आणि आज किती येतात? वर्गातील सर्वांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली तर तुमच्या गावाचा एक छोटासा निर्देशांकच तयार होईल. शिक्षकांना सरासरी, गुणोत्तर आणि आलेख शिकवताना तो उपयोगी पडेल. आणि पुढच्या वेळी 'सर्व विक्रम मोडले' ही बातमी आली की तुमच्या हाती तुमची स्वतःची पट्टी असेल.